सरांचा अंगठा

सर हेलियमला चांगले ओळखून होते. महाहट्टी अणू! त्याच्यावर इलेक्ट्रॉन आदळवायचा तर त्याच्यात साडेचोवीस व्होल्टचा तरी जोर हवा, तेव्हा कुठे हा गडी आपल्याकडचा एक इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होतो. त्याखाली कितीही मारा करा, ढिम्म!

आणि सरांच्या यंत्रात दहा व्होल्टलाच आयन दिसायला लागले.

तीन दिवस सरांना वाटलं, आपण शोध लावला. बायकोला सांगून झालं, आरशासमोर फोटोसाठी विचारमग्न चेहराही करून झाला. चौथ्या दिवशी त्यांनी आयनांची वजनं तपासली, तर ती हेलियमची नव्हतीच. माणसाच्या त्वचेवरच्या तेलाच्या रेणूंचे तुकडे सगळे. निर्वात डब्यात कुणीतरी उघडा हात घातला होता! सरांचा पारा चढला. हात म्हणजे प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंचाच, दुसरा कुणाचा असणार?

बाई अकरा वर्षं ते यंत्र जोडत होत्या. 'हातमोज्यांशिवाय हात लावाल तर खबरदार' ही पाटी मात्र सरांची. त्यांनी तावातावाने विभागप्रमुखांना पत्र खरडलं: अक्षम्य निष्काळजीपणा, बाईंची बदली करावी. बदलीचा कागद आज चार वाजता सहीला जाणार होता, आणि बाईंना ते ठाऊक होतं.

तीन वाजता बाईंनी सरांसमोरच डबा उघडला. आतली एक चकती चिमट्याने काढून दिव्याखाली धरली. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने तेल भाजून तिच्यावर तपकिरी ठसा उमटला होता. अंगठ्याचा, अगदी रेघन्‌रेघ, आणि मधोमध आडवा व्रण.

सरांनी आपला उजवा अंगठा मुठीत लपवला. शाळेत पेन्सिलीला टोक काढताना ब्लेडने कापलेला अंगठा. आणि मग तो रविवार आठवला. 'एक चकती तर सरळ करायची, मोजे कशाला!' वा रे शास्त्रज्ञ!

"धुऊन टाकू, सर?" बाईंनी विचारलं.

धुतली की संपलं सगळं. खरं सांगायचं तर सरांना मोह झाला. आणि त्याच क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"नको. प्रमुखांना दाखवतो." त्यांनी चकतीकडे हात नेला.

"सर, मोजे!"

सरांनी मुकाट्याने मोजे घातले. प्रमुखांच्या टेबलावर चकती ठेवली, मोजा काढला, शेजारी अंगठा ठेवला. "पत्र माझं आणि ठसाही माझाच." प्रमुखांनी दोन्हीकडे पाहिलं आणि बदलीचा कागद फाडला. वर विचारलं, "ती पाटी कुणाची हो?"

सर परतले तेव्हा बाईंनी आपला खण रिकामा करून पिशवी भरली होती.

"बदली रद्द झाली, बाई. चूक माझी होती. माफ करा. तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच सोमवारी. चकती सरळ झालेली, आणि मोज्यांचं खोकं तसंच बंद."

"मग बोलला का नाहीत?"

बाई पिशवीतला पाना परत खणात ठेवत होत्या. "तुम्ही मला विचारलंच कुठे, सर? एकदम पत्रच लिहिलंत."