अडीच दाणे

“सोडा आता, अर्जुनराव. चौथा ठोका मारला तं पत्रा रुसते.”

प्रेस चालवणाऱ्या अर्जुनरावांनी पत्र्यावरचा हात काढला. जनकाबाईनं लाकडी मोगरी बाजूला ठेवली, लोखंडी माप आत बसवलं आणि त्याच्या कडेनं बोट फिरवलं. फट नव्हती. पेरणीयंत्राच्या पेटीचा हा तळ म्हणजे पन्हाळीसारखा वाकवलेला पत्रा, दोन बाजूंना दोन उभ्या भिंती. नांदुऱ्याच्या स्टेशनमागच्या शेडमध्ये तीस वर्षं असे तळ निघत होते. हा जुन्या साच्यातला शेवटचा. साचा परवा प्रेसखाली मधोमध चिरला होता.

प्रेसमधून तळ कधीच नीट निघत नसे. दाब उठला की पत्र्याला आपलं सपाटपण आठवायचं आणि भिंती थोड्या बाहेर उघडायच्या. किती उघडल्या, ते जनकाबाई ज्वारीच्या दाण्यांनी मोजायची. माप आणि भिंत यांच्या फटीत दाणे सरकवायचे. दोन मावले आणि वर अर्ध्याची जागा राहिली, की तीन ठोके. दाणा शिरेल तिथून शेतकऱ्याचं बी गळणार, एवढं सरळ गणित. शाळा तिनं दुसरीतच सोडली होती आणि त्यावाचून आपलं काही अडलं नाही, हे ती कुणी न विचारता सांगायची. नवरा किसनराव जाऊन अकरा वर्षं झाली, प्रेसची मोटर दोनदा बदलली, पण तिच्या ठोकळ्यावरून गेल्याशिवाय एकही तळ शेडबाहेर पडला नाही. बाभळीचा तो ठोकळा मधोमध खोलगट झाला होता. त्यावर कुणी टेकलं किंवा डबा ठेवला, तर त्याचा उद्धार ठरलेला.

सून मंजुश्री लग्नाआधी पुण्यात हेच काम करत होती, फक्त मोगरीशिवाय. तिथं पत्रा आधी संगणकात वाकवून पाहायचे. नव्या साच्याचं काम चंद्रशेखरनं बायकोवर सोपवलं आणि आईसमोर उभं राहायला नको म्हणून तो माल घेऊन शेगावला निघून गेला.

“आई, हे पाहा,” मंजुश्रीनं लॅपटॉप टेबलावर फिरवला. “लाल दिसते तिथं पत्रा फाटणार, निळं तिथं सुरकुती पडणार.”

“अन् ठोका कुठं मारते तुहा पत्रा?”

“ठोका लागणारच नाही. भिंती जेवढ्या उघडतात, तेवढा साचाच आधी आत झुकता करायचा. दाब उठला की पत्रा आपोआप जागेवर येते.”

“म्हंजे मले घरी बसवून राह्यली तू.”

“आई!”

“आई काय आई? अर्जुनराव, ऐकून राह्यले ना? आपली मोगरी आता चुलीत.”

अर्जुनरावांनी डबा उचलला आणि ते जेवायला गेले. या दोघींच्या मधे पडायचं नाही, हे त्यांनी मंजुश्रीच्या हळदीपासूनच ठरवलेलं होतं.

अडचण वेगळीच होती. पत्रा किती ताठ, हे संगणकाला सांगावं लागतं. बिलावरची माहिती घातली तर पडद्यावरचा तळ जेमतेम दाणाभर उघडत होता. खरा किती उघडतो ते पाहायला साचा उरला नव्हता, आणि शेडमधला सगळा माल जनकाबाईच्या मोगरीखालून गेलेला.

“तुमचंच माप पाह्यजे आता,” मंजुश्री म्हणाली. “अडीच दाणे म्हणजे किती?”

“अडीच दाणे म्हंजे अडीच दाणे.”

शेडला लागूनच घर. मंजुश्री आत गेली आणि डब्यातली मूठभर ज्वारी घेऊन आली. मोजणीच्या चिमट्यात एकेक दाणा धरून तिनं आकडे लिहिले. “दहा मिलिमीटर धरू.”

जनकाबाई पाहत राहिली. ही ज्वारी दुकानातली, टपोरी, हायब्रीड. तिचे दाणे उंद्रीचे, माहेरचे, बारीक गावरान. तंबाखूच्या चपट्या डबीत दरसाल नवे चार. डबी तिच्या कमरेलाच होती. तिनं ती तशीच राहू दिली. साचा चुकला तर पत्रा पुन्हा ठोकळ्यावरच येणार होता.

मंजुश्रीनं खामगावच्या साचेवाल्याला फोन लावला. “हो, दहा. माप पक्कं आहे, भाऊ. आमच्या आईंचं माप आहे, तीस वर्षांचं. त्यात चूक नाही निघणार.”

जनकाबाई उठली.

“ठेव तो फोन.”

“काऊन?”

“ठेव म्हन्लं ना! नाव माहं, अन् दाणा वाण्याचा?” तिनं कमरेची डबी काढून टेबलावर आपटली. “हे मोज. अन् पुढच्या वेळी माहं नाव घ्यायच्या आधी मले विचारत जाय.”

मंजुश्रीनं चार दाणे मोजले, पुन्हा मोजले. अडीच दाण्यांचे आठ मिलिमीटरच भरले. तिनं वर पाहिलं. सासूला हे मघापासून ठाऊक होतं, ते तिला कळलं असावं. तिनं संगणकात नवा आकडा घातला आणि साचेवाल्याला पुन्हा फोन केला.

तीन आठवड्यांनी साचा आला. अर्जुनरावांनी पत्रा सरकवला. प्रेस खाली गेली, वर आली. चंद्रशेखर तळ उचलायला पुढं झाला, तशी जनकाबाई म्हणाली, “तू हो मांगं.”

तिनं तळ ठोकळ्यावर घेतला. माप बसवलं. डबीतला एक दाणा काढून फटीच्या जागी नेला. दाणा शिरेना. दुसऱ्या बाजूनं पाहिलं, टोकाला पाहिलं. उजव्या हातात मोगरी तशीच होती.

“बसलं का हो, आई?” मंजुश्रीनं हळूच विचारलं.

“बसलं. काम बरं झालं तुहं.” तिनं दाणा डबीत टाकून झाकण लावलं. “आता पाहात काय राह्यले? दुसरा लावा, अर्जुनराव.”

दुसराही तसाच निघाला. तिसराही. सातव्या तळानंतर मंजुश्रीनं चहा आणला. जनकाबाईनं मोगरी भिंतीच्या खुंटीला अडकवली. हातातला कप कुठं ठेवावा, म्हणून तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि तो ठोकळ्यावर ठेवला. मधल्या खोलगट जागेत तो नीट बसला. पलीकडं प्रेस खाली आली, जमीन हादरली, पण चहा सांडला नाही.