चुकीच्या खिशातला एक दिवस

मी इकामा बोलतोय. दचकू नका, तुमची तपासणी करायला आलेलो नाही. सौदी अरेबियात नोकरीला गेलेल्या माणसाचा तिथे राहायचा परवाना म्हणजे मी. तळहाताएवढी तपकिरी वही. आत मालकाचा फोटो, नाव, त्याची जबाबदारी घेणाऱ्या कफिलाचं नाव, आणि पुढच्या पानावर बायकोचा फोटो. तिला वेगळी वही नाही, ती माझ्याच पोटात. मला घेतल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा तिथला कायदा. माणसं एक वेळ चष्मा विसरतील, पण दारातून निघताना खिशावर हात मारून मला चाचपतातच. त्यामुळे माझा स्वभाव जरा मिजासखोर झालाय, हे आधीच कबूल करतो.

माझा मालक श्रीकांत. पुण्याचा, वय एकतीस, रियाधला इंजिनिअर. बायको अपेक्षा. दोन हजार तीनच्या ईदच्या सुट्टीत दोघं मला घेऊन दक्षिणेकडच्या डोंगरात फिरायला निघाले. खमीस मुशैतच्या पुढे, अबहाला. श्रीकांत पूर्वी कंपनीतर्फे ट्रेनिंगला स्कॉटलंडात, आबर्डीनला जाऊन आलेला. घाट चढताना गार वारा लागला आणि ढग रस्त्यावर उतरले, तसा त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. ‘‘अपेक्षा, बघ बघ, अगदी स्कॉटलंड! फक्त मेंढ्यांच्या जागी माकडं!’’ अपेक्षाला तोवर सर्दीने गाठलं होतं. ती म्हणाली, ‘‘श्रीकांत, खिडकी लाव.’’

अबहात त्यांनी भाड्याचा फ्लॅट घेतला. तिथली रीत अशी, की फ्लॅटची किल्ली हातात पडली की इकामा काउंटरवर जमा. बाहेर जाताना मागून घ्यायचा, आलात की परत द्यायचा. काउंटरवर हैदराबादचा नसरुद्दीन. माणूस गोड, पण एका कानाला कायम फोन. त्याने मला खणात टाकलं. तिथे माझ्यासारखीच एक तपकिरी वही आधीच पहुडलेली होती. बिगरमुस्लिमांच्या वह्या सगळ्या एकाच रंगाच्या, वरून ओळखायची काही सोय नाही.

सकाळी अपेक्षाला ताप भरला, म्हणून माझी मंडळी झोपून राहिली. मी म्हटलं, चला, आज सुट्टी! तेवढ्यात काउंटरवर एक जोडपं आलं. पुरुष चौपन्नचा, टक्कल पडलेला, शर्टाला कडक इस्त्री. हे विश्वनाथ, गुहागरचे, यान्बूच्या कारखान्यात फोरमन. मागे कृष्णाबाई, त्यांची बायको. अंगावर नवा काळा अबाया, तो पायात येऊ नये म्हणून नऊवारीसारखा धरलेला. नसरुद्दीनने फोनवर बोलता बोलता खणात हात घातला आणि मला उचलून विश्वनाथांच्या हातात ठेवलं.

‘‘अहो, बघून घ्या,’’ कृष्णाबाई म्हणाल्या.

‘‘त्यात काय बघायचं? तपकिरी आहे ना, मग आपलाच,’’ असं म्हणून विश्वनाथांनी मला खिशात सारलं.

झालं! माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो, माझ्यात फोटो श्रीकांतचा, डोक्यावर केसांचं टोपलं असलेला. बायकोच्या पानावर सत्तावीस वर्षांची अपेक्षा. वाटेत शिपायाने मला उघडलं तर? त्या देशात परका पुरुष आणि परकी बाई एका गाडीत सापडली, की दोघं थेट आत. पुरुषाची परत पाठवणी आणि बाईचं काय, ते विचारायचीही सोय नाही. आणि हे मला एकट्यालाच ठाऊक. ते दोघं आपले थर्मास आणि डबा घेऊन मजेत गाडीत बसले, विश्वनाथ पुढे, कृष्णाबाई मागच्या सीटवर.

शर्टाचा खिसा आखूड होता, त्यामुळे माझं डोकं बाहेर. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. विश्वनाथ गाडी बैलगाडीच्या वेगाने चालवत होते. मागून हॉर्न वाजले तरी ‘‘जाऊ दे त्यांना, आपल्याला कुठे मस्टर गाठायचंय!’’ म्हणत. दर वळणावर थांबायचं. दगडी घरं बघायची. डोंगराला पायऱ्यांसारखी शेतं पाहून कृष्णाबाईंना भातखाचरं आठवली. ‘‘काय हो, आपल्याकडच्यासारखीच की! बांध मात्र दगडाचे. कोण घालत असेल इतके?’’ त्यावर विश्वनाथांनी बांध या विषयावर पाऊण तास घेतला. मी खिशात घामाघूम.

त्यांच्या बोलण्यावरून मला हळूहळू कळलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली, पण विश्वनाथ त्यातली पंचवीस वर्षं इकडे कॅम्पात. वर्षाला एक महिना घरी. मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीला लागला, आणि मग कुठे यांना बायकोला आणायची परवानगी मिळाली. कृष्णाबाईंना येऊन जेमतेम आठ महिने झालेले. त्यातही ओव्हरटाइम. दोघांनी मिळून नुसतं फिरायला जायचा हा आयुष्यातला पहिला दिवस. हे ऐकलं आणि माझी मिजास पार उतरली. म्हटलं, देवा, आजच्या दिवशी तरी नको.

अबहाजवळ सौदा नावाचं उंच पठार आहे, तिथे सुरूसारख्या झाडांखाली त्यांनी चटई टाकली. धुकं येत होतं, जात होतं. चार माकडं डब्यावर नजर ठेवून बसली होती. डब्यात घावणे आणि लसणाची चटणी. डब्याखाली पसरलेला पेपर उडू नये म्हणून विश्वनाथांनी मला त्यावर ठेवलं आणि वर थर्मास. मग मोठ्या प्रेमाने चहा ओतला, तीन चमचे साखर घातली आणि बायकोपुढे धरला.

‘‘मला साखर नको हो.’’

‘‘का?’’

‘‘डॉक्टरांनी बंद केलीय. चार वर्षं झाली.’’

विश्वनाथांनी कप खाली ठेवला. ‘‘चार वर्षं? आणि मला बोलली नाहीस? इथे तुझा चहा तूच करतेस, मला कळायचं कसं?’’

‘‘फोनवर काय काय सांगायचं! मिनिटं पळत असायची. मुलांचंच संपायचं नाही.’’

त्यांनी तो गोडमिट्ट चहा स्वतः प्यायला आणि तिच्यासाठी दुसरा ओतला. मग एकदम म्हणाले, ‘‘आणखी काय काय आहे, सांगून टाक. आज वेळच वेळ आहे.’’ आणि कृष्णाबाई सांगत बसल्या. गुडघा, विहिरीचा पंप, सासूबाईंचं शेवटचं आजारपण. कोणी रडलं नाही, पण घावणे गार झाले. मी थर्मासखाली दबून ऐकत होतो. एवढी वर्षं मी नवरा-बायको असल्याचे शिक्के पोटात बाळगतोय, पण नवरा-बायकोची ओळख होताना प्रथमच बघत होतो.

उठताना कृष्णाबाईंनी मला हातात घेतलं. ‘‘माझा फोटो कसा आलाय बघू!’’

उघडा, बाई, उघडा! मी जिवाच्या आकांताने ओरडलो. आत्ता उघडलंत तर फ्लॅटवर फोन करता येईल!

‘‘त्यात काय बघायचंय? घाबरलेला आलाय,’’ विश्वनाथ हसले, आणि मी परत खिशात.

साडेचारच्या सुमाराला परतीची वाट धरली. एक वळण घेतलं आणि समोर चेकपोस्ट. सकाळी नव्हता तो. तरुण शिपायाने हात केला. ‘‘इकामा.’’

विश्वनाथांनी मला ऐटीत पुढे केलं. शिपायाने मला उघडलं. माझ्याकडे बघितलं, टकलाकडे बघितलं. पान उलटलं. मागच्या सीटकडे वाकून बघितलं.

‘‘ये तुम नहीं,’’ तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला. ‘‘ये मदाम भी नहीं.’’

विश्वनाथांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शिपायाने गाडीची किल्ली काढून घेतली, त्यांना केबिनमध्ये नेलं. कृष्णाबाई गाडीत एकट्या. केबिनच्या काचेतून विश्वनाथांना त्या दिसत होत्या. ‘‘सर, फ्लॅटवाला गलती किया,’’ ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. फ्लॅटचं कार्ड काढताना पाकीट दोनदा खाली पडलं. ‘‘मेरे को बिठाव, सर, जितना बिठाना है. मदाम को कुछ मत करो. उसको इधर कोई नहीं.’’

शिपायाने कार्डवरचा नंबर लावला. नसरुद्दीनने खणातली दुसरी वही काढून वाचून दाखवली. शिपायाने ऐकलं आणि फोन ठेवला. विश्वनाथांना घेऊन तो गाडीपाशी आला आणि त्यांना हातानेच गप्प राहायला सांगितलं.

‘‘मदाम, शौहर का नाम?’’

कृष्णाबाईंनी मान खाली घातली. दिवसभर मी ऐकत होतो, ‘अहो’च्या पलीकडे ही बाई गेली नव्हती. त्यांच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मेलं तरी नाही.

‘‘नाम, मदाम. नाम नहीं मालूम?’’ आवाज चढला.

अगो बाई, बोल! माझी पानं फडफडत होती. कृष्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. विश्वनाथांच्या डोळ्यांत पाणी होतं. नुसतं नाव तोंडातून कसं काढायचं, ते कृष्णाबाईंना येतच नव्हतं. लग्नात एकदा घेतलं होतं, तस्सं सगळं बाहेर पडलं, डोळे मिटून, एका दमात:

‘‘वाटीत वाढली सोलकढी, द्रोणात वाढली खीर, विश्वनाथरावांचं नाव घेते, मंडळी, धरा धीर!’’

शिपाई खिडकीशी आणखी वाकला. ‘‘ये क्या? गाना?’’

‘‘हमारे में औरत मरद का नाम नहीं लेती, सर,’’ विश्वनाथ कसेबसे म्हणाले. ‘‘लेना पडा तो ऐसे लेती.’’

शिपायाने मनातल्या मनात नाव जुळवलं. मग चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. ‘‘हम भी मदाम का नाम बाहर नहीं बोलता,’’ तो म्हणाला. ‘‘दोस्त को भी नहीं मालूम. बोलता, उम्म फहद. फहद की माँ.’’ त्याने किल्ली परत दिली, मला मिटून विश्वनाथांच्या खिशात स्वतःच्या हाताने ठेवलं आणि वर एक चापट मारली. ‘‘सीधा फ्लॅट. इकामा देखो, फिर जाओ. खलास, यल्ला!’’ म्हणजे, झालं, निघा!

हुश्श! असा श्वास मी छापखान्यातून निघाल्यापासून सोडला नव्हता.

पुढच्या वळणावर विश्वनाथांनी गाडी कडेला घेतली. त्यांना चालवता येईना. कृष्णाबाई मागून उतरून पुढे येऊन बसल्या, आधी रडल्या, मग दोघंही हसत सुटले, थांबता थांबेनात. शेवटी विश्वनाथ म्हणाले, ‘‘आणखी एकदा घे ना.’’

‘‘उखाणा?’’

‘‘नको. नुसतं.’’

‘‘काहीतरीच तुमचं!’’ त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. धुकं काचेला येऊन टेकलं होतं. मग त्या वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘विश्वनाथ, अंधार पडायच्या आत गाडी काढा.’’

मी खिशात होतो, त्यांच्या छातीला लागून. त्यापुढे आत काय धडधड झाली, ते मी कोणालाही सांगणार नाही.

काउंटरवर अदलाबदल झाली. नसरुद्दीनने कान पकडले. श्रीकांतला रात्रीच्या जेवणाच्या वेळी कळलं, तो म्हणाला, ‘‘बाप रे, वाचलो!’’

आता माझं वय झालंय. मुदत संपत आलीय, आणि म्हणे यापुढे प्लॅस्टिकची कार्डं. उद्या मी सरकारजमा. तक्रार नाही. जाता जाता, मालकहो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की खिशात घालण्यापूर्वी आपला कागद एकदा उघडून बघा. आणि शेजारी बसलेल्या माणसाला चहात साखर किती लागते, तेही आजच विचारून ठेवा. शिपाई ते विचारत नाही, आणि मी तर ते कुठल्याच पानावर लिहून ठेवलेलं नाही.