दोन्ही बाह्या डाव्या

कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्या कापल्या. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, आणि शिकाऊ पोरगीही करणार नाही अशी चूक! एक बाही कापली की कागदी फर्मा उलटायचा, मगच दुसरी. मी उलटलाच नाही. त्या ताग्यातलं कापडही संपलेलं.

लेकाने कात्री उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. "आई, वय झालं. आता आराम कर."

"साठी बुद्धी नाठी, असं सरळ म्हण की!" मी फणकारले. पण खरं सांगते, ही पहिली चूक नव्हती. गिऱ्हाइकांची मापं विसरत होते, दुपारी मशीनवरच डुलक्या काढत होते, आणि कोणाला ताकास तूर लागू देत नव्हते. कात्री गेली तर घरात बसून काय माश्या मारू?

सून भारी चौकस. मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं आणि माझ्याआधी स्वतःच बोलली, "ह्या घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून जाग्या होतात."

"मी कुठे घोरते गं?"

"आई, भिंतीपलीकडे ऐकू येतं."

झोपेची तपासणी झाली. श्वास तासाला तीस वेळा अडत होता. "मेंदूला नीट झोपच मिळत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग दिवसा त्याने लक्ष द्यायचं कसं? हा हवेच्या यंत्राचा मुखवटा नाकावर लावून झोपा, म्हणजे श्वास अडणार नाही. बघू किती फरक पडतो."

मेल्या मुखवट्याने जीव नकोसा केला. दोनदा फेकला, सुनेने दोनदा परत बांधला. तीन महिन्यांनी मापं डोक्यात राहू लागली. सगळी नाही राहत. उरलेली वहीत लिहिते, त्यात लाज कसली?

काल लेकाने कपाटाची किल्ली दिली. मी अख्खा कोट बेतून कापला. त्याने तुकडा न् तुकडा तपासला. "मानलं तुला, आई."

"मान नाहीतर नको मानू. कात्री आता माझ्याच टेबलावर राहणार."

तो गेला आणि मला रडू आवरेना. हे काम मला आमच्या ह्यांनी शिकवलं. म्हातारपणी तेही असेच चुकायला लागले. घोरायचेही असेच, आम्ही सगळे हसायचो. त्यांच्या हातातली कात्री मीच काढून घेतली. जाईपर्यंत सहा वर्षं ते दुकानात नुसते बसून होते. "तुम्हाला झोप नीट लागते का हो?" एवढंसुद्धा मी कधी विचारलं नाही.