भिंतीतलं ऊन

यंदा चैत सरला तरी उन्हाचा पत्ता नाही. सफरचंदं फुलली तीसुद्धा थंडगार पावसातच. ढग येतात, वरच्या खिंडीशी अडतात आणि पोटातलं सगळं आमच्याच गावावर ओततात. पलीकडे लाहौलात थेंब जाईल तर शपथ! माझी सून पाल्मो तिथली, कोरड्या मुलखातली. दिवाळीनंतर लग्न होऊन आली आणि भिंतीला कान लावून बसायला लागली. आमच्या कुल्लूकडे मधमाश्या घराच्या भिंतीतच राहतात, पोकळ ओंडक्यात. त्याचं तोंड बाहेर, झाकण आत.

"काय म्हणतायत तुझ्या मैत्रिणी?" मी डिवचायची.

"भूक लागलीय म्हणतायत, अम्मा. तुमचा पाऊस थांबतच नाही."

तुमचा पाऊस! जसा काही मी माहेरून आंदण आणलाय. "ऐक सूनबाई, ज्या घराची भिंत मुकी झाली त्या घरात सून टिकत नाही, असं म्हणतात आमच्यात." बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही.

पोरीनं ते मनाला लावून घेतलं. मी गोठ्यात गेले तशी तिनं शेगडीत निखारे भरले आणि भिंतीला चिकटवून ठेवली. परतले तर भिंत कोमट झालेली, आणि माश्या ऊन पडलं समजून भरभर बाहेर निघालेल्या. त्या पावसात!

"अगं बये, काय केलंस हे!"

ती अंगणात धावली. पाकळ्या गळत होत्या, पाऊस पडत होता, काय काय पडतंय ते कळेना. खाली पांढऱ्या चिखलात माश्या निपचित. ती एकेक वेचत होती आणि रडत होती.

"मेल्या, अम्मा. मी जाते माझ्या घरी."

"मेल्या नाहीत, गारठल्यात. शाल पसर."

शेगडी मधे ओढून आम्ही दोघी शालीत माश्या घेऊन बसलो, हलकेच फुंकर घालत. बाहेर पाऊस संथ पडत राहिला. माझा डोळा लागला असावा. कुणीतरी मांडीवर गुणगुणतंय असं वाटलं, लहानपणी आई गुणगुणायची तसं. जागी झाले तर शाल हलत होती. सगळ्या नाही, पण बऱ्याच माश्या जाग्या झाल्या होत्या.

पाल्मोनं झाकण उघडून त्यांना आत सोडलं. मग मी भिंतीला कान लावला, कैक वर्षांनी. आत गुणगुण सुरू झाली होती.

"काय म्हणतायत, अम्मा?"

"थांब म्हणतायत."

"पावसाला?"

"पावसाचं पाऊस बघेल. तुला, गं."