डबलसीटची हवा

मडिवाळप्पाला विचारलंत तर तो छाती पुढं काढून सांगेल, जत्रेतली डबलसीटची शर्यत आपण पहिल्याच झटक्यात मारली. गावाला विचाराल तर गाव आधी पोट धरून हसेल. तसं खोटं कुणीच बोलत नाही. पण काय झालं ते सांगायचं तर नीट सांगायला पाहिजे.

गाव होटगीजवळचं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि चैत्रातली जत्रा परत जोरात भरायला लागली होती. कुस्त्या तर सगळीकडं होतात. आमच्याकडं सायकलींची शर्यत, आणि तीही डबलसीट! आधी लोक मागं एखादं शेंबडं पोर बांधून पळायचे. मग पंचांनी नियमच केला, की कॅरिअरवर घरातलं जाणतं माणूस बसलं पाहिजे. झालं! कुणाची आई बसली, कुणाचा चुलता. एरवी बायकोला मागं बसवून देवळासमोरनं जायची टाप नव्हती कुणाची, पण जत्रेत सगळं चालायचं.

मडिवाळप्पा सोलापुरात एका पेढीवर कामाला होता. विणकरांच्या घरातनं चादरींचे गठ्ठे उचलायचे आणि सायकलवर लादून दुकानात आणून टाकायचे, हे त्याचं काम. गठ्ठ्याला टायर गुळगुळीत चालतो, पण हवा मात्र दगडासारखी टणक लागते. नाहीतर वजनाखाली ट्यूब मरते. ही अक्कल त्याच्या हाडीमासी खिळलेली. शर्यतीच्या दिवशीही गड्यानं तशीच ठासून हवा भरली, बायकोला, चन्नम्माला, मागं बसवलं आणि निघाला. गठ्ठा काय आणि बायको काय, वजन ते वजन!

वाट देवळापासून तळ्याच्या बांधावर आणि तिथनं चिंचांच्या जुन्या गाडीवाटेनं माघारी. त्या वाटेवरची माती बैलगाड्यांनी कुटून आणि वाऱ्यानं उडून गेलेली. चिंचांची मुळं म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारखी वर आलेली, आणि त्यांच्यावर कोरडा फुफाटा. टणक चाक मुळावर आदळायचं आणि उडायचं, परत आदळायचं आणि परत उडायचं. मध्येच सायकल एकदम हलकी झाली. मडिवाळप्पाला वाटलं, आज आपल्या पायात देव संचारला! त्यानं असं काही पायडल मारलं की सगळ्यांच्या आधी देवळापाशी पोचला आणि दोन्ही हात वर केले.

तेवढ्यात गर्दीतनं कुणीतरी विचारलं, "मडिवाळप्पा, वैनी कुटं हायती?"

त्यानं मागं वळून बघितलं. कॅरिअर रिकामं.

चन्नम्मा तिकडं चिंचेखाली मनगट धरून बसली होती. मागनं येणाऱ्या ईश्वरनं, म्हणजे होटगी स्टेशनातल्या रुळांवर कामाला असलेल्या मडिवाळप्पाच्या दोस्तानं, आपली सायकल थांबवली. ईश्वरच्या आईनं, फुलाबाईनं, कॅरिअरवरनं उतरून आपल्या लुगड्याचा काठ फाडला आणि चन्नम्माचा हात बांधला. बक्षिसाचा फेटा भलत्याच जोडीला मिळाला. मडिवाळप्पा मात्र वर्षभर गावाला हसायला पुरला.

लोकांचं हसणं त्यानं पचवलं, त्याचं काही नाही. चन्नम्माही भांडली नाही. मनगट जुळून आलं, भाकरी पहिल्यासारखी गोल व्हायला लागली, घरात हसणं-बोलणं होतं. पण ती सायकलवर बसेना. बाजाराला चालत जायची आणि हा बाजूनं सायकल ढकलत चालायचा. अक्कलकोटकडं माहेरी जायचं तर एस्टीनं जायची. एकदा न राहवून त्यानं विचारलं, "अगं, हात अजून दुखतोय का?"

"हात न्हाय दुखत."

"मग बसत का न्हाईस?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "माणूस पडतंय वो, त्याचं काय न्हाय. पण मी पडले आन् तुमाला कळलंच न्हाय. उलट गाडी हलकी झाली म्हणून तुमी जास्त पळालासा. एवढं माझं वजन न्हाय व्हय तुमच्या घरात?"

मडिवाळप्पाच्या घशात घास अडकला. बरं झालं अडकला, नाहीतर काहीतरी वेडंवाकडं बोलून बसला असता. त्या घासासरशी त्याच्या मनानं घेतलं, की पुन्हा त्याच शर्यतीत, त्याच वाटेनं हिला मागं बसवून आणायचं. जिंकायचं राहू दे, पण हिच्या मनातलं ते काढायचं. ते निघालं नाही तर जन्मभर सायकल ढकलतच चालायचं आपण.

पण करायचं कसं? जत्रा जवळ आली तसा तो कामावरनं आला की ज्वारीचं पोतं कॅरिअरवर टाकून चिंचांच्या वाटेला लागायचा. पोतं मुद्दाम बांधायचा नाही. टणक हवेवर पोतं पहिल्याच मुळाला खाली. थोडी हवा सोडली तर दुसऱ्या मुळाला. ईश्वर ड्यूटीवरनं येता येता थांबला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आरं, हा टायर बघ की! टकलावानी गुळगुळीत. फुफाट्यात असलं चाक मुळावरनं आडवं घसरणारच. खरबरीत, जाड टायर घाल."

"जाड टायर जड जातोय रं. बांधावर सगळे पुढं जातील."

"जाऊ देत की! बांधावर कोण पडतंय?"

ते काही खोटं नव्हतं. मडिवाळप्पानं दोन्ही चाकांना जाड नक्षीचे टायर चढवले. मग राहिली हवा. आता उत्साहाच्या भरात त्यानं ती इतकी सोडली, की लोखंडी रिंगच मुळावर आपटली आणि ट्यूबला साप चावल्यासारखी जोडीनं भोकं पडली. पंक्चर काढलं, थोडी हवा वाढवली. पोतं परत उडालं. परत कमी केली. एका संध्याकाळी घरामागं तो घामाघूम होऊन पंप मारत बसला होता आणि दारातनं चन्नम्मा बघत होती.

"त्या पोत्याला काय इचारताय?" ती म्हणाली. "ते पडलं तरी बोलणार हाय का?"

"मग बोलणारं माणूस बसंना, काय करू?"

बोलून गेला आणि जीभ चावली. चन्नम्मा आत गेली. गेलं सगळं मुसळ केरात, असं त्याला वाटलं. पण ती परातीतला हात धुऊन, पदर खोचून बाहेर आली.

"हवा मी सोडणार," ती म्हणाली. "माझ्या हातानं."

त्या संध्याकाळी चिंचांच्या वाटेवर अजब प्रकार चालला होता. चार मुळं ओलांडली की चन्नम्मा म्हणायची, "थांबा, कंबर मोडली." उतरायची, वॉल सैल करायची, फुस्स आवाज झाला की अंगठ्यानं टायर दाबून बघायची. मागच्या चाकात थोडी जास्त ठेवली, पुढच्यात त्याहून कमी. शेवटी एकदा फुस्स झालं आणि ती आपणच म्हणाली, "साकु." तिच्या माहेरच्या भाषेत, पुरे. आता चाक मुळावर उडेना. मुळाला चिकटून वर चढायचं आणि अल्लाद खाली उतरायचं.

आणि मडिवाळप्पाला नवलच वाटलं. इतकी वर्षं टणक चाकानं त्याच्या बुडाला नुसते हादरे दिले होते. आता मागचं माणूस जरा हललं तरी सीटमधनं त्याला कळत होतं.

"आत्ता डोक्यावर पदर घेतलास," तो म्हणाला.

ती चमकली. "मागं बघून बोलताय."

"शपथ! बघ, आता डावीकडं वळलीस."

"सावली दिसत असंल माझी," ती म्हणाली. बायको हो ती! सहजासहजी पटणार थोडीच.

जत्रेच्या दिवशी ऊन डोक्यावर होतं आणि सावल्या चाकाखाली गेल्या होत्या. नारळ फुटला आणि सायकली सुटल्या. बांधावर जाड, मऊ टायरनं मडिवाळप्पाची पार दमछाक केली. एकामागोमाग एक जोडी टाटा करून पुढं निघून गेली. ईश्वरच्या मागं बसलेली फुलाबाई तर वळून मडिवाळप्पाला ओरडली, "लेका, भात शिजाय घातलाय का? चल की!" दोन्ही मुठींनी सीटखालच्या स्प्रिंगा धरून चन्नम्मा ताठ बसली होती.

मग चिंचा आल्या. पुढच्यांची टणक चाकं खणाखण उडायला लागली. कुणी घसरलं, कुणाचा चुलता शिव्या देत उतरून चालायला लागला. मडिवाळप्पा मात्र मुळांवरनं एकेकाला मागं टाकत निघाला. ईश्वर मागं पडला. शेवटची चिंच गेली, आणि पुढं कुणीच नाही! समोर देऊळ, हलग्या कडाडतायत, लोक शिट्ट्या मारतायत. आता वाट सरळ, मुळाचं नाव नाही. फेटा डोक्यावर बसल्यातच जमा.

आणि सीटखाली काहीतरी सुटलं. वीतभर सायकल वर आल्यागत झाली.

त्यानं दोन्ही ब्रेक दाबले. सायकल आडवी घसरली, पाय फुफाट्यात रुतला, आणि तो ओरडला, "चन्ने!"

ती चार पावलांवर उभी होती. पडलेली नव्हती. पदर सारखा करत शांतपणे उभी होती.

"लागलं का? कुटं लागलं? हात बघू तुझा."

"कुटं न्हाय लागलं. मी उतरले."

"उतरलीस? आत्ता? का गं?"

ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. शेजारनं ईश्वरची सायकल धुरळा उडवत गेली आणि फुलाबाईचा आवाज आला, "आगं येडे, बस की पटकन!" तिच्यामागनं आणखी कुणीकुणी गेलं. देवळापाशी आरडाओरडा झाला, फेटा गेला. मडिवाळप्पानं तिकडं बघितलंही नाही. त्याला आता कळलं होतं ती का उतरली ते. राग यायला पाहिजे होता, पण डोळेच भरून आले. भर जत्रेत, एवढ्या गड्यामाणसांसमोर! पण आले त्याला काय करणार.

"कळलं तुमाला?" तिनं विचारलं.

"कळलं."

"हलग्या वाजत हुत्या. मला वाटलं, आता काय कळतंय."

"तू सुटलीस तवाच कळलं गं. तुझे पाय टेकायच्या आधी."

चन्नम्मानं पदरानं त्याचं तोंड पुसलं. सगळं गाव बघत होतं, बघू दे. मग ती कॅरिअरवर बसली आणि स्प्रिंगा न धरता त्याच्या कमरेला हात घातला.

"चला," ती म्हणाली. "आन् बेस्तरवारी बाजाराला मला सायकलवरनं न्यायचं. लई चालले मी वरीसभर."