साकवाची सावड

रखमाजीला बोलायची फार हौस, हा त्याचा एकच दोष, असं आंबेमाळचे लोक म्हणत. म्हणत खरे, पण कुठं बोलायचं काम निघालं की त्यालाच पुढं ढकलत. त्या साली भाताचा भाव साफ पडला होता, माघ उजाडला तरी निम्म्या गावाचा सारा भरला नव्हता, आणि अशात भोर संस्थानच्या दरबारानं नदी-ओढ्याकाठच्या चार गावांना साकवाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कामासाठी बोलावणं धाडलं. आंबेमाळनं दुसऱ्या कोणाचा विचारसुद्धा केला नाही. रखमाजीनं ठेवणीतला फेटा बांधला आणि निघाला.

त्याची थोरली भावजय फुलाबाई उंबऱ्यापर्यंत आली. ही बाई मुळातच कमी बोलायची, आणि गेल्या श्रावणापासून तर अगदीच. तिच्या सुनेला, अंबूला, गेल्या श्रावणात कळा लागल्या होत्या. डोली बांधली, माणसं खांद्याला घेऊन नदीपर्यंत धावली, आणि नदीनं त्यांना तिथंच उभं केलं. पलीकडं दवाखान्याची वाट दिसत होती आणि अलीकडं कोणाच्या हातात काही उरलं नव्हतं. अंबू वाचली, बाळ गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि हेही बाळ भर पावसातच यायचं होतं. तिला माहेरचं माणूस उरलं नव्हतं, म्हणजे आधी कुठं नेऊन ठेवायचीही सोय नाही.

"भावजी," फुलाबाई म्हणाली, "पावसाच्या आत साकव झाला पायजे. मला दुसरं काय बी नगं."

रखमाजीनं मान हलवली. तो शब्द देऊन बसला आणि वाटेनं जाताना आपण काय काय बोलायचं याची उजळणी करत राहिला.

भोरात कचेरीच्या ओसरीवर चारही गावांची माणसं जमली. दरबाराच्या बांधकामाचं बघणारे अण्णासाहेब खासनीस नाकावर चष्मा आणि कपाळावर आठी घेऊन आले. माणूस मात्र सरळ. त्यांनी गोड बोलायची तसदीच घेतली नाही. दरबारानं दोन वर्षांपूर्वी चारही साकव मंजूर केले ते खरं, पण आता वसुली रोडावली आहे. शाळांचे पगार, दवाखान्याची औषधं आधी भागवायची. चार साकव दरबाराला झेपत नाहीत. आहे ती रक्कम चौघांत सारखी वाटतो, नाहीतर सगळंच बरे दिवस येईपर्यंत पुढं ढकलतो, असं त्यांनी सांगून टाकलं.

सारखी वाटणी म्हणजे काय, हे गेल्याच वर्षी सगळ्यांनी बघितलं होतं. चार गावांना चार घास मिळाले, प्रत्येकानं हौसेनं पात्रात दोन-दोन खांब उभे केले, वर टाकायला लाकूड आलंच नाही, आणि पहिल्याच पुरानं जवळजवळ सगळे खांब गिळले. पिसाळवाडीचा एक खांब तेवढा उरला होता, त्यावर बगळा बसायचा. तरीही मंडळी आता वाटणीवरच भांडायला लागली. आमची नदी मोठी, आमची माणसं जास्त, आमच्यावर अन्याय झाला. अण्णासाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. काम पुढं ढकलायचा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

पुढं ढकललं म्हणजे अंबूचं काय, एवढंच रखमाजीला दिसलं, आणि तो ताडकन उठला.

तो म्हणाला, साहेब, भातलावणीला आमी काय करतो? कोणाकडंच पुरेशी माणसं नसतात, पुरेशी बैलं नसतात. मग आज सगळे मिळून एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. सावड करतो. चौघांचं शेत चौघांनी अर्धं-अर्धं लावलं असतं तर चौघंही उपाशी राहिले असते. तसंच हे करा. यंदाची सगळी रक्कम एका गावाला द्या. दगड, गाड्या, हात हे चारही गावांचं. दरबारानं फक्त लाकूड, चुना आणि गवंडी बघावा. पुढच्या साली दुसरं गाव.

अण्णासाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि कारकुनाला आकडेमोड करायला लावली. मजुरी वगळली तर रक्कम एका साकवाला पुरत होती. पहिला कोणाचा, हेही कोणाला फार शोधावं लागलं नाही. पिसाळवाडीचा ओढा भोरच्या सगळ्यात जवळ, वरच्या तिन्ही गावांची वाट त्याच्यावरूनच. दुसरा आपला म्हणायला रखमाजीनं तोंड उघडलं. दुसरा झाला तर यंदा नाही, पण पुढच्या पावसाला तरी.

तेवढ्यात चौघांतल्या धनगरवाड्याचे हरिबा, पिकल्या मिशांचे, आतापर्यंत एक अक्षर न बोललेले, शांतपणे म्हणाले, "रखमाजी, सावड घातली कुणी?"

रखमाजीनं जीभ चावली. या खोऱ्यात रीतच तशी होती. ज्यानं सावड घातली, त्याचं शेत शेवटी. म्हणूनच सावड घालणाऱ्यावर कोणी स्वार्थाचा संशय घेत नसे, आणि म्हणूनच शहाणी माणसं दुसऱ्या कोणीतरी घालायची वाट बघत. बोलायच्या भरात तो हे विसरला होता. भर कचेरीत त्यानं स्वतःच्या गावाला शेवटच्या पाळीवर नेऊन बसवलं होतं.

नाही म्हणावं, तर सगळं मोडतं. त्यानं अण्णासाहेबांकडं बघितलं आणि विचारलं, चौथ्या साली दरबाराकडं पैसे असतील याची हमी आहे का. अण्णासाहेब म्हणाले, "नाही. पाऊस माझ्या हातात नाही, भाव माझ्या हातात नाही. खोटा शब्द देणार नाही."

"सावडीत ज्याच्याकडं बैल न्हाई, तो नुसता येतो," हरिबा म्हणाले. "त्याला कुणी नावं ठेवत न्हाई. पण येतो. पैसं नसलं तरी दरबार यील का, तेवढं सांगा."

"येईल," अण्णासाहेब म्हणाले. तेवढा एकच शब्द घेऊन रखमाजी उठला.

परतीची वाट त्याला कधी नव्हे एवढी लांब वाटली. घरी पोचल्यावर त्यानं काही लपवलं नाही. लपवायला येतच नव्हतं त्याला. चौथा नंबर, तोही माझ्याच तोंडानं, असं त्यानं सांगितलं. फुलाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"माझ्या अंबूचं काय, ते तिथं कुणाच्या ध्येनात न्हाई आलं?" तिनं विचारलं.

"माझ्याच ध्येनात हुतं, वैनी," तो म्हणाला. "म्हनूनच त्वांड उघडलं."

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव जमलं तेव्हा रखमाजीला चांगलंच झोडपून काढलं. शेवटी आपलीच पाळी आणि तिचाही भरवसा नाही, मग पिसाळवाडीचे दगड आपण का वाहायचे, असा गेनबानं सवाल केला, आणि बऱ्याच माना हलल्या. जाणाऱ्यानं जावं, बाकीच्यांनी आपली शेतं बघावी, असं ठरत आलं होतं. बायका बाजूला बसल्या होत्या. त्यांतून फुलाबाई उठली. गावासमोर ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"आपण न्हाई गेलो, तर आपल्याकडं कुणी येणार न्हाई, हे पक्कं," ती म्हणाली. "गेलो, तर कदाचित येतील. मला ते कदाचित पायजे. मी जाणार."

एवढं बोलून ती खाली बसली. रागावलेली होतीच, आणि तो राग तिनं लपवलाही नाही. गेनबानं फेटा काढून पुन्हा बांधला, आणि मग विचारलं, गाड्या कधी जुंपायच्या.

फाल्गुनात पिसाळवाडीच्या ओढ्यावर काम लागलं. चार गावांची माणसं एका जागी, म्हणजे आधी दोन दिवस नुसती कुरबूर. कोणाचे दगड लहान, कोणाच्या भाकरी जाड. पण तिसऱ्या दिवसापासून घमेली सुरळीत हातोहात फिरू लागली. दरबाराचं लाकूड आलं, गवंडी आले, आणि अण्णासाहेबही टांग्यातून येऊन ओढ्याच्या गोट्यांवर तोल सावरत उभे राहिले. बगळ्याचा खांबही कामाला आला.

फुलाबाई ओळीत दगड पुढं देत होती. तिच्या पुढं पिसाळवाडीची चंद्राबाई. जाडजूड, तोंडाळ, सतत हसणारी. दगड देता-घेता तिनं एक-एक करून सगळं काढून घेतलं. गाव कुठलं, घरात कोण कोण, आणि इतक्या लांबून आलात ते तुमची पाळी कधी. चौथ्या साली, फुलाबाईनं सांगितलं. मग सुनेचंही सांगितलं, कारण हातातला दगड जड होता आणि मनातलं त्याहून. यंदा पावसातच आहे, आणि आमची नदी तशीच.

चंद्राबाई एकदम हसायची थांबली. तिनं घेतलेला दगड पुढं दिलाच नाही. मागची ओळ खोळंबली. रखमाजी जवळच गाडी रिकामी करत होता, त्यालाही ते ऐकू येत होतं.

"सुनेला वैशाखातच आमच्याकडं आणून सोडा," चंद्राबाई म्हणाली. "नदी चढायच्या आत. माझ्या लेकीची खोली मोकळीच हाय. कळा लागल्या की ह्या साकवावरनं डोली दवाखान्यात. हितनं लांब न्हाई."

"तुमची आमची वळख ना पाळख," फुलाबाई म्हणाली.

"चार दिस झालं, तुमच्या हातचा दगड घेतीया. अजून काय वळख पायजे?"

फुलाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि भर ओळीत, सगळ्यांदेखत, रडली. श्रावणापासून ती रडली नव्हती. रखमाजीला काहीतरी बोलावंसं वाटलं, फार वाटलं. पण या वेळी तो गप्प बसला, गाडीतला पुढचा दगड उचलला आणि ओळीत जाऊन वैनीच्या शेजारी उभा राहिला.