मोठीचा राहिलेला निरोप

मी मायक्रोफोन बोलतोय. हसा, हरकत नाही. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं आणि मुकाट तारेत सोडून दिलं, त्यानं स्वतः तोंड उघडावं हे विचित्रच आहे. पण माझ्यापाशी एक निरोप अडकून पडलाय. तो पोहोचवल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. एका चष्मेवाल्या कारागिरानं माझ्या पोटात केसाइतका पातळ पडदा बसवला, "एक, दोन, तीन" म्हणून पाहिलं, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते थेट डबिंगच्या खोलीत. भिंतींना जाड गाद्या, समोर पडदा, बाजूला काच आणि खिडकी नाहीच. पडद्यावर चेहरा एकीचा असायचा, आवाज दुसरी द्यायची. तो आवाज आधी माझ्याकडे यायचा.

माझ्यासमोर आली की माणसं बदलतात. घसा खाकरतात, केस सारखे करतात, जणू मी फोटोच काढणार आहे. बाहेर दरडावून बोलणाऱ्याचा श्वास इथं थरथरतो. मला सगळं कळायचं आणि त्याचा मला गर्वही होता. खोटं कशाला बोलू?

काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारी बाई बसायची. तिला सगळे काचवाली म्हणत. बोलणं तुटक, पण कान तिखट. आणि माझ्यासमोर उभी राहायची ती मोठी. एका लांबलचक मालिकेतल्या वकीलबाईंचा आवाज नऊ वर्षं तिचा होता. पडद्यावरची नटी सुंदर होती, पण तिचा स्वतःचा आवाज चिमणीएवढा. लोक रस्त्यात त्या नटीला नमस्कार करायचे. मोठी त्याच रस्त्यानं पिशवी घेऊन जायची, तिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. "बरं आहे गं," ती काचवालीला म्हणायची, "मला निवांत भाजी घेता येते." पण भागाच्या शेवटी नावं सरकायची, तेव्हा तिचा श्वास क्षणभर थांबायचा. स्वतःचं नाव दिसलं की सुटायचा. त्या बारीकशा अक्षरांवर तिचा फार जीव होता.

मग एक नवी पोरगी आली, गर्दीच्या आवाजात ओरडायला; ती धाकटी. "पकडा, पकडा" एवढंच तिचं काम. एकदा कोणी आजारी पडलं म्हणून तिला चार वाक्यं मिळाली आणि ऐन शांततेत कुणाचं तरी पोट गुरगुरलं. मी ते इमानदारीत टिपलं. काचवालीनं काम थांबवलं.

"कुणाचं पोट आहे हे?"

धाकटी पांढरी पडली. पहिल्याच संधीला अशी फजिती झाली तर पुन्हा कोण बोलावणार?

"माझं," मोठी म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही. आता आधी जेवते, मग पुढचं."

मला माहीत होतं, मोठी अर्ध्या तासापूर्वीच जेवली होती. तरी तिनं उरलेला डबा उघडला आणि त्यातला मोठा वाटा धाकटीपुढे सरकवला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. तोंड चिकट झालं की सफरचंदाची फोड चावायची, कागद उलटताना श्वास धरायचा, रडायचं असेल तर नाकातून नाही, छातीतून. मोठी शिकवत गेली. धाकटी तिची इतकी हुबेहूब नक्कल करायची की काचवाली दचकून काचेतून पाहायची आणि मग तिघी हसत सुटायच्या.

मग मोठीच्या आवाजात खरखर आली. माणसांना कळणार नाही एवढी बारीक, पण मला पहिल्याच दिवशी जाणवली. डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, तोवर एक शब्दही बोलायचा नाही. आणि चॅनेलला कळलं असतं तर आठवड्यात आवाज बदलला असता. नऊ वर्षांचं नाव गेलं असतं.

"ताई, मी बोलते की," धाकटी म्हणाली. "तुम्ही फक्त शेजारी बसा."

मोठीनं काचेकडे पाहिलं. काचवालीनं बटणांवरची धूळ पुसली. हे उघड झालं असतं तर नोकरी तिचीही गेली असती. शेवटी ती म्हणाली, "मला काय, चांगला आवाज आला की पुरे."

तेव्हापासून मोठी रोज स्टुलावर बसायची, गळ्याला रुमाल गुंडाळून. धाकटी माझ्यासमोर उभी राहून मोठीच्या आवाजात बोलायची. मोठी हातानं खुणा करायची, हळू, आणखी खाली, आता थांब. कधी चिठ्ठीवर लिहायची. कोणी आलंच, तर धाकटी खुशाल सांगायची, "ताई आवाज राखून ठेवतात. उगाच कुणाशी बोलत नाहीत." माणसं आदरानं मागे सरायची आणि मोठी रुमालात तोंड खुपसून हसायची.

शस्त्रक्रिया झाली. गाठ गेली, आवाजही गेला. उरली नुसती कुजबुज. नाटक चालूच राहिलं. वर्ष झालं. धाकटीला मधे दुसऱ्या एका चित्रपटात नायिकेचा आवाज द्यायला बोलावलं, पण वेळा जुळेनात म्हणून ती गेली नाही. मोठीला हे तिनं सांगितलंच नाही. काचवालीनं सांगितलं.

एके दिवशी चॅनेलचे साहेब स्वतः आले. मोठीपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, गेलं वर्षभर तुमचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त भिडतो. मागचं सगळं फिकं वाटतं बघा."

मोठी हसली, मान लववली. धाकटीचा श्वास मात्र अडकला होता. दोन दिवसांनी मोठी यायची बंद झाली.

चहाच्या टेबलावर कुजबुज सुरू झालीच होती. या धंद्यात भिंतींना गाद्या लावल्या तरी बातमी बाहेर जाते. धाकटीनं मोठीचा आवाज पळवला, म्हणून ती रुसून घरी बसली, असं लोक म्हणू लागले. धाकटी दोनदा तिच्या घरी गेली. दोन्ही वेळा मोठीच्या वहिनीनं दारातूनच सांगितलं, "झोपल्यात." धाकटीला ते खरं वाटलं नाही. ती वकीलबाईंचे संवाद बोलायची, पण आता मला तिच्या प्रत्येक वाक्याआधी एक चाचरणं ऐकू यायचं.

मीही म्हातारा झालो होतो. पडद्याला दमटपणा लागून माझी खरखर वाढली होती. काचवालीनं नवा माइक मागितला, मालक म्हणाले, "चाललंय ना? मग चालू दे."

एका दुपारी, बाकी सगळे जेवायला गेले असताना, वहिनीचा हात धरून मोठी आली. अर्धी झाली होती. तिनं काचवालीला खुणेनं सांगितलं, बटण दाब आणि बाहेर जा. मग ती मला इतकी चिकटून उभी राहिली की तिचा ताप मला लागला. कुजबुजली, थांबली, पुन्हा कुजबुजली. जाताना चिठ्ठी ठेवून गेली, "मी गेल्यावर धाकटीला ऐकव." आयुष्यभर तोंडानं बोललेली बाई. हे तिला कागदावर लिहायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती गेली.

धाकटीनं कानाला हेडफोन लावले. काचवालीनं आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. नुसती खरखर. मधे श्वास, पुन्हा खरखर. मोठीचे शब्द माझ्या पडद्यावर स्पष्ट उमटले होते हो! पण तारेत उतरताना माझीच खरखर त्यांच्यावर बसली. धाकटीनं ते वीस वेळा ऐकलं. "शिव्या असतील तरी चालेल," ती काचवालीला म्हणाली, "पण काय म्हणाल्या ते कळू दे." काचवाली काचेपलीकडे डोळे पुसत बसली. मी दोघींच्या मधे उभा होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि मी सांगू शकत नव्हतो.

वकीलबाईंचा आवाज धाकटीनं सोडला. मग तिनं डबिंगच सोडलं. आता म्हणे कुठल्याशा कार्यालयात फोन केला की "कृपया प्रतीक्षा करा" असं तिचा आवाज सांगतो. मला कपाटाच्या तळाशी, तुटक्या वायरींच्या खोक्यात टाकलंय. उद्या-परवा भंगारवाला येईल.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी कुणाला ती भेटली तर मोठी काय म्हणाली ते तिला सांगा. ती म्हणाली होती, "अगं, मी रागावले नाही. दुखणं छातीत उतरलंय, मला असं बघून तू कामात रडशील म्हणून दार उघडलं नाही. साहेब खरं तेच बोलले. तू बोलायचीस तेव्हा मला वाटायचं, हे मला नऊ वर्षांत का नाही सुचलं! माझं नाव काढायला सांग आता. तुझं लाव. मला ते वाचायचं होतं गं."

फोनवरच्या त्या आवाजाला सांगून उपयोग नाही, त्याला ऐकू येत नाही. तिला स्वतःला गाठा.